बोलण्याला पत्ता हवा

१ ऑगस्टच्या सकाळी महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत जवळपास एकच भाषण होतं. बाहेर पावसाची झड, आत सतरंज्यांवर दाटीवाटीने बसलेली मुलं, टेबलावर लोकमान्य टिळक आणि अण्णाभाऊ साठे यांच्या तसबिरी. नाव पुकारलं की एक मूल पुढे येतं, हात जोडतं आणि सुरू करतं, ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो…’ मग शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते. वर्गात टरफलं पडलेली असतात, गुरुजी सगळ्यांना ती उचलायला सांगतात, आणि लहानगा बाळ टिळक उभा राहून म्हणतो की मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. टाळ्या पडतात. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणत मूल जागेवर जाऊन बसतं.

ही गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या मुलांकडून पाठ करून घेत आलो आहोत. तिच्यात एक मुलगा चुकीच्या शिक्षेला सगळ्यांसमोर नकार देतो आणि नकाराचं कारणही सांगतो. ती म्हणून दाखवणाऱ्या मुलाच्या शाळेत पाण्याची टाकी महिनाभर कोरडी असली, तर ते बोलायला मात्र त्याच्याकडे ना व्यासपीठ असतं, ना सवय. भाषणाचा विषय शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आणि श्रोते ओळखीचे. त्यांच्यापैकी कुणी उठून उत्तर द्यावं अशी अपेक्षाही नसते.

वक्तृत्व शिकवण्यात मराठी शाळा मागे नाहीत. पण आपण मुलांना बोलायला शिकवतो आणि कोणाशी बोलायचं ते सांगायचं राहून जातं. ज्याने उत्तर द्यायला हवं, त्याच्यापुढे उभं राहून बोलणं हाच नागरिकत्वाचा पहिला धडा आहे, आणि तो शाळेतच द्यायला हवा.

ढालीसाठीचं बोलणं

वक्तृत्व स्पर्धांनी महाराष्ट्राला खूप दिलं आहे, हे आधी कृतज्ञतेने नोंदवलं पाहिजे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला वक्तृत्वोत्तेजक सभा आजही चालवते. दीडशे वर्षं लोक एखाद्या विषयावर कुणाचं तरी म्हणणं ऐकायला उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमतात, ही साधी गोष्ट नाही. तालुक्याच्या गावी होणाऱ्या आंतरशालेय स्पर्धांनी किती मुलामुलींच्या पायातलं कापरं घालवलं असेल! घरात चार माणसांसमोर तोंड न उघडणारी मुलगी फिरती ढाल घेऊन घरी आली की तिच्याकडे पाहण्याची घरची नजर बदलते. पुढे त्याच मुली शिक्षिका, वकील, सरपंच झाल्या.

तरी स्पर्धेची रचना काही गोष्टी शिकवते आणि काही शिकवू शकत नाही. विषय महिनाभर आधी कळतो. भाषण बहुतेक वेळा शिक्षक किंवा पालक लिहून देतात. सात मिनिटं, पाचव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. सुरुवातीला चार ओळी, मध्ये शिवाजी महाराज, शेवटी आवाज चढवून आवाहन. परीक्षकांच्या तक्त्यात विषय-मांडणी, उच्चार, हावभाव, सभाधीटपणा असे रकाने असतात. भाषणानंतर कुणी प्रश्न विचारला आणि स्पर्धकाने तो कसा पेलला, याला सहसा गुण नसतात. समोरच्याचं ऐकून आपलं मत बदललं, याला तर नसतातच.

उच्चारांच्या रकान्याचा फटका कुणाला बसतो, तेही पाहायला हवं. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, भिली बोलणाऱ्या घरातलं मूल पहिल्याच स्पर्धेत शिकतं की सभेत बोलायची भाषा आपल्या घरची नव्हे. पुढे गावच्या सभेत ते गप्प राहतं, त्याची मुळं इथे असतात. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, ती शाळेची जबाबदारी आहे. पण नळाला पाणी येत नाही हे सांगण्यासाठी आधी ‘ण’ सुधारून यावं लागतं असं मुलाला वाटलं, तर ती शिकवणीच चुकली.

निबंधातून निघालेल्या शाळा

विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून प्रत्यक्ष काम उभं राहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८४८ मध्ये विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिथे सभासदांनी निबंध वाचायचे आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची, अशी पद्धत होती. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या आणि मातृभाषेतून जाहीर व्याख्यानं होऊ लागली.

या सोसायटीत बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, मनं हलली. आपल्याकडच्या बहुतेक सभा इथेच संपतात. ही संपली नाही. त्या चर्चेतून सभासदांनी स्वतःच मुलींच्या शाळा काढायचं ठरवलं आणि १८४९ मध्ये काढल्याही. दादाभाई नौरोजी त्या तरुणांमधले. आपलं रोजचं काम सुरू होण्याआधी सकाळच्या वेळात हे तरुण मुलींना विनावेतन शिकवू लागले. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे प्रतिष्ठित लोक पाठीशी उभे राहिले. निबंध वाचणारे आणि ऐकणारे दोघेही काही करू शकणारे होते आणि ‘मग आपण काय करायचं?’ हा प्रश्न त्यांनी टाळला नाही, म्हणून हे घडलं.

पुण्यात त्याच काळात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे शिकत होती. मांग समाजातल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तीनेक वर्षांचं शिक्षण झालेली ती विद्यार्थिनी धर्माच्या ठेकेदारांना थेट विचारते की ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला वाचताही येत नाहीत, तो धर्म आमचा कसा? आपल्या वस्तीतल्या बाळंतिणींचे हाल ती सांगते, आपल्या माणसांवर झालेले अत्याचार सांगते. उत्तर कुणी द्यायचं आहे, याबद्दल तिच्या मनात जराही संदेह नाही. शालेय लेखनाचा इतका धारदार नमुना आपल्या भाषेत आहे आणि तो प्रत्येक मुलाच्या हाती पडायला हवा.

आकडे आणि खराटा

बोलण्याला पत्ता असला की त्याचा घाटही बदलतो. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, तेव्हापासून त्यांची ओळख अभ्यासू वक्ता अशी होती. १८९७ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर साक्ष द्यायला ते गेले, तेव्हा रानडे यांच्याबरोबरच सरकारी शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांची तयारी करून घेतली होती. जोशी यांचा सरकारी जमाखर्चाचा अभ्यास अफाट. १९०२ मध्ये गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकारच्याच आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि गरीब रयत मात्र मिठावरचा कर भरते आहे. उत्तर देणं भाग असलेला अर्थसदस्य समोर बसलेला होता. पुढच्या वर्षी मिठावरचा कर कमी झाला. गोखल्यांनी ती मागणी त्यानंतरही सोडली नाही.

दुसरी तऱ्हा गाडगे महाराजांची. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या या माणसाला शाळा मिळाली नाही. पण मराठीतल्या सर्वांत परिणामकारक वक्त्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागेल. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. अस्सल वऱ्हाडीत ते समोरच्यांना विचारायचे, लोक एका आवाजात उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. कर्ज काढून सण करायचा का? देवापुढे कोंबडं-बकरं कापायचं का? श्रोत्यांना ते स्वतःच्या तोंडाने बोलायला लावत. आणि कीर्तनाआधी दिवसभर हातात खराटा घेऊन त्यांनी गाव झाडलेलं असायचं. त्यामुळे रात्री ते स्वच्छतेवर बोलत, तेव्हा त्या बोलण्याला पुरावा जोडलेला असे.

एकाकडे अहवाल आणि तक्ते, दुसऱ्याकडे खराटा आणि बोली. दोघांनीही बोलण्याआधी काम केलं होतं आणि आपण कोणाला विचारतो आहोत हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. शाळेत भाषण शिकवताना या दोन्ही तऱ्हा मुलांपुढे ठेवता येतील.

१० डिसेंबरचं व्याख्यान

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अखेरच्या वर्षातला एक प्रयोग फारसा चर्चेत येत नाही. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केलं. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांना संसदीय कामकाज, अर्थकारण, कायदा आणि लोकांपुढे मुद्दा मांडणं, हे सारं रीतसर शिकवणारी ही शाळा होती. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल रेगे तिचं कामकाज पाहत.

राज्यघटनेच्या मसुद्यावर एकेका शब्दासाठी वाद घातलेला, कायदेमंडळांत आणि मैदानांवर आयुष्यभर बोललेला हा माणूस राजकारणाची शाळा काढतो आणि तिथे वक्तृत्वाला विशेष स्थान देतो. संसदीय लोकशाहीत निर्णय चर्चेतून होतात. ज्याला चर्चा करता येत नाही, त्याच्या वतीने दुसरेच निर्णय घेतात. शतकानुशतकं ज्यांना बोलू दिलं गेलं नाही, त्यांच्यासाठी सभेत उभं राहता येणं हे सत्तेत वाटा मिळवण्याचं साधन होतं. त्याआधी सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसदही भरत असे आणि बाबासाहेबांनी तिथे भाषण केलं होतं.

१० डिसेंबर १९५६ रोजी ते या शाळेत येऊन वक्तृत्वावर बोलणार होते. ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. मार्च १९५७ पर्यंत शाळा कशीबशी चालली आणि मग थांबली. ते व्याख्यान झालं नाही. पण त्यामागचा हेतू आजही आपल्यापुढे उभा आहे आणि तो पुरा करायला फार मोठ्या संस्थेची गरज नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत त्याची सुरुवात होऊ शकते.

गावातच आहे ती सभा

१५ ऑगस्टला आठवीतली मुलगी शाळेच्या मैदानावर ‘माझ्या स्वप्नातला भारत’ या विषयावर बोलते. त्याच दिवसाच्या आसपास, शाळेपासून हाकेच्या अंतरावर, ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा चावडीत ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे ती घेण्याची महाराष्ट्रात रीत आहे. वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती अनेक गावांत भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग मोजक्या माणसांच्या सह्यांनी गावाचे ठराव होतात.

स्थानिक संस्थांत महिलांना पूर्वी एकतृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा राखीव आहेत. शाळेच्या भाषणांत पुढे असणाऱ्या मुली मोठ्या होऊन सभेत मागच्या रांगेत पदर सावरत का बसतात, याचं एक कारण असं की शाळेने त्यांना ती सभा कधी दाखवलीच नाही.

मुलांना मत नाही, म्हणून सभेशी संबंध नाही, असं मानायचं कारण नाही. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला, त्याचं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं म्हणणं वय आणि समज पाहून विचारात घेतलं पाहिजे. ‘आमचा गाव आमचा विकास’ उपक्रमात ग्रामपंचायतीचा आराखडा ठरवताना महिला सभेबरोबर बालसभाही घ्यायची तरतूद आहे. बालसभेच्या मागण्या आराखड्यात जाऊ शकतात. अनेक ठिकाणी ही सभा कागदावर होते, कारण मुलांना तिथे काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. त्याआधी अभ्यासगट बसतो. कायदा काय म्हणतो, आपलं जंगल किती, बांबूचा हिशोब काय, हे सगळे मिळून समजून घेतात आणि मग सभा भरते. शेवटचा माणूस राजी होईपर्यंत बोलणं चालू राहतं. चांगली सभा म्हणजे आवाज चढवणं नव्हे, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

शहरातल्या मुलांनाही पत्ता शोधता येतो. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. फूटपाथ, पथदिवे, बाक, बसथांब्याचा निवारा, अशा छोट्या कामांचा अर्ज नववीतलं मूलही आईवडिलांच्या नावे भरू शकतं.

वर्गात काय करायचं?

समजा, एका गावातल्या मुली बाजूच्या गावच्या शाळेत जातात. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही धावतात. पण शाळा पाच वाजता सुटते आणि गाडी पावणेपाचला निघते. शेवटचा तास रोज बुडतो.

या विषयावर भाषण करायचं तर मुलींनी आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी. गाडी किती वाजता आली, किती मुली चढल्या, किती मागे राहिल्या. पुढचा प्रश्न, हे कुणाच्या हातात आहे? सरपंचाच्या नाही, मुख्याध्यापकांच्याही नाही. ते आगार व्यवस्थापकाच्या हातात आहे. मात्र ग्रामसभेने ठराव केला तर आगाराकडे जाणाऱ्या अर्जाला वजन येतं, आणि शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र जोडलं तर आणखी. त्या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, म्हणजे ऐकणारी माणसं घरचीच.

मग तीन मिनिटांचं बोलणं बसवायचं. पहिल्या वाक्यात मागणी. नंतर वहीतले आकडे. नंतर एका मुलीचा रोजचा दिनक्रम. शेवटी ‘गाडीची वेळ सव्वापाच करावी’ अशी एकच ठोस विनंती. सुरुवातीच्या चार ओळी नकोत, महापुरुषांची नावं नकोत. घरच्या बोलीत बोललं तरी चालेल. अर्ज प्रमाण मराठीत लिहायचा, तिथे भाषेचा तास कामी येतो.

यानंतरचा भाग बहुतेक शाळा गाळतात, तो म्हणजे प्रश्न झेलणं. वर्गातल्या एकाने आगार व्यवस्थापक व्हायचं आणि विचारायचं, ‘गाडी उशिरा सोडली तर पुढच्या गावच्या प्रवाशांचं काय?’ मुलींना तो अडथळा आधी कळलेला नसतो. त्या पुढच्या गावात जाऊन विचारतात, आणि कदाचित कळतं की तिथल्या कामावरून परतणाऱ्या बायकांनाही सव्वापाचच सोयीचे आहेत. कदाचित उलट कळतं, आणि मग मागणी बदलावी लागते. समोरच्याची अडचण समजून घेतली की आपला मुद्दा अधिक पक्का होतो, हे मुलं अशी शिकतात.

सभेची रीतही शिकवावी. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, विषयपत्रिका, सूचक आणि अनुमोदक, ऐनवेळचे विषय. हे शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकात येतात, पण तोंडात बसत नाहीत. वर्गाची सभा याच पद्धतीने घेतली, इतिवृत्ताची वही मुलांनीच लिहिली, तर सहा महिन्यांत ते सवयीचं होतं. संसदीय कामकाजाची ओळख करून देणाऱ्या युवा संसदेची शिफारसही १९६२ मध्ये मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या अखिल भारतीय परिषदेत झाली होती. तो उपक्रम उपयोगी आहे. पण खोटा मंत्री आणि खोटं विधेयक यांच्याबरोबरीने खऱ्या ग्रामपंचायतीला पाठवलेलं एक खरं पत्र असलं तर त्याचं मोल कितीतरी वाढेल.

भीती आणि जबाबदारी

शाळेत राजकारण शिरेल, ही शिक्षकांची भीती खरी आहे. गावात गट असतात, संस्थाचालकांचे पक्ष असतात. मुलाने गटाराच्या कामावर प्रश्न विचारला आणि ते काम एखाद्या पुढाऱ्याच्या नातेवाईकाचं निघालं, तर त्रास मुलाच्या घरच्यांना होऊ शकतो. म्हणून काही पथ्यं पाळायलाच हवीत. प्रश्न नेहमी गटाने विचारावा, एकट्या मुलाला पुढे करू नये. माणसावर आरोप नको, कामाविषयी विचारणा असावी. निवडणुकीच्या हंगामात विषय मुलांनी निवडावेत, बाहेरून कुणी आणून देऊ नयेत. आणि सुरुवात शाळेपासून व्हावी. स्वच्छतागृहात पाणी का नाही, वाचनालय कुलूपबंद का, हे मुलांनी मुख्याध्यापकांना सभेत विचारावं आणि मुख्याध्यापकांनी उभं राहून उत्तर द्यावं. ज्या शाळेला स्वतःवरचे प्रश्न सोसतात, तिचाच शब्द बाहेर चालतो.

महाविद्यालयांत ही पोकळी आणखी मोठी आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका आल्या. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली, २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलंही, पण पुढे ढकलल्या गेल्या. निवडणुकांतली हिंसा पाहिलेल्या पिढीची काळजी समजण्यासारखी आहे. तरीही आपल्यासारख्याच शंभर मुलांपुढे उभं राहून ‘मला मत द्या आणि वर्षाने मला हिशोब विचारा’ असं म्हणण्याचा अनुभव न घेताच आपली मुलं मतदार होत आहेत. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं. आता वर्षातून चार तारखांना पात्रता धरली जाते आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. गावच्या मतदारयादीत नाव आलं की अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ग्रामसभेची रीतसर सदस्य होते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर याच गावांत भरतं. तिथे बंधारा बांधण्याबरोबर त्या गावची एक ग्रामसभा पाहणं आणि आपल्या गावी परतल्यावर तिथल्या सभेत एक प्रश्न विचारणं, हा शिबिराचा भाग करता येईल.

मुलांना एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवावी लागेल. पहिल्याच अर्जावर गाडीची वेळ बदलेल असं नाही. उत्तर येणार नाही, किंवा टोलवाटोलवीचं येईल. मग पुन्हा जायचं, मागच्या अर्जाचा आवक क्रमांक दाखवायचा, ठरावाची प्रत मागायची. या पाठपुराव्याला टाळ्या नसतात, पण मुलं नागरिक होतात ती इथेच. म्हणून शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या अहवालात वक्तृत्वात मिळवलेल्या ढालींची यादी वाचली जाते. ती अवश्य वाचावी. तिच्याखाली एक नवा रकाना सुरू करावा: या वर्षी आमच्या मुलांनी कोणाला काय विचारलं, काय उत्तर आलं, आणि उत्तर आलं नसेल तर ती पुन्हा कधी जाणार आहेत.